कपाळावरची खूण, हातातले कार्ड

१ जुलै २०२३ रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासायचे, कार्डे द्यायची, लग्नाआधी ती जुळवून पाहायला सांगायचे आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा. गडचिरोली-चंद्रपूरशी याचा थेट संबंध आहे. इथे हा आजार गोंड-माडियांत आहे, तसाच दलित आणि इतर मागास समाजांतही आहे.

हेतूबद्दल मला शंका नाही. पण निर्मूलन नेमके कशाचे?

हा प्रश्न उगाच नाही. गाल्टनने १८८३ मध्ये सुप्रजाशास्त्राला नाव दिले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नसबंदी वैध ठरवली, १९३३ मध्ये जर्मनीने तसाच कायदा केला. हे नाझींबरोबर संपले असे आपण मानतो. पण लायनस पॉलिंग यांनी, शांततेचे नोबेल मिळवलेल्या माणसाने, १९६८ मध्ये सुचवले की सिकलसेल वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी! आणि आपण? तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून वाचलो.

आता शास्त्र पाहू. वाहक माणूस सहसा आजारी नसतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित होण्याची शक्यता चारात एक. (चार मुलांपैकी एक, असा त्याचा अर्थ नव्हे.) जोडीदार वाहक नसेल, तर मूल पीडित होत नाही. शिवाय हाच जनुक वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण देतो. हिवतापाच्या या जंगलात तो टिकला, त्याचे कारण हेच. त्याला 'खराब रक्त' म्हणणे हे अर्धे शास्त्र झाले.

मात्र कार्ड वाचतो तो समाज. वाहक मुलाचे लग्न जमते, वाहक मुलीचे अडते, हे मी इकडे अनेकदा ऐकले आहे. समुपदेशन मुलीच्या घरी थांबते आणि मुलाच्या घरी पोचतच नाही, तेव्हा कार्डाची खूण व्हायला वेळ लागत नाही.

आणि ज्यांना आजार आहेच, त्यांचे काय? पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. त्या दिवसांत दुखण्याने कळवळणाऱ्या पोराला हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि रक्ताची पिशवी मिळाली का, हा आकडा वाटलेल्या कार्डांच्या आकड्याशेजारी छापला जावा.