आधी ओढ्याचे माप घ्या



रतनगडाकडून निघालेली प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणाखाली, रंध्याला, कातळावरून उडी घेते. तीच प्रवरा नेवाशाकडे गाळाच्या जाड थरांतून वाहते. नदी एक, अंगे दोन. मग सगळ्या ओढ्यांना औषध एकच कसे?

शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद केले, पाणी मुरले. तिथे तापीच्या गाळाचा मुलूख मोठा. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले आणि जमीन न पाहता जागोजागी पोकलेन धावले. ९,६३३ कोटी खर्चूनही भूजल वाढवण्यात फारसे यश नाही, असे कॅगने २०२० साली म्हटले.

अमेरिकेतही हाच वाद आहे. डेव्ह रोसगेन यांनी १९९४ साली नद्यांचे आकारावरून प्रकार पाडले. दुरुस्तीचे आराखडे त्यावर बेतले गेले. टीकाकार म्हणतात, आकारावर भागत नाही; पाणी आणि गाळ येतो कसा, जातो कसा, ते पाहा.

आपली हरकत यंत्राला नाही. पण नाल्याचा तळ शेजारच्या विहिरीच्या पाण्याखाली गेला, तर विहीरच नाल्यात रिती होते. कापूस-ज्वारीवाल्याचे ते शेवटचे पाणी. बिल ठेकेदाराचे निघते, विहीर आपली आटते.

म्हणून मागणी साधी : खोदण्याआधी विहिरींचे थर आणि पाणीपातळी मोजा, ग्रामसभेत मांडा. माथ्यावरची कामे आधी, नाला शेवटी. माप आमच्या ओढ्याचे घ्या, मगच पोकलेन आणा.