मांडव फ्रँकफुर्टला, वऱ्हाड उपाशी



२०२५ ची दिवाळी आटोपली आणि कामानिमित्त सोलापूरला जाणे झाले. शुक्रवार पेठेत एका टॉवेल कारखानदाराच्या माडीवर माझा भाचा हिशेब लिहितो. त्याला भेटायला जिना चढलो, तर वर पाय ठेवायला जागा नाही. जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, त्यावर टॉवेलांच्या चवडी, चार बाया हातात कात्र्या घेऊन बसलेल्या. एकेक टॉवेल उजेडाला धरायचा, सुटलेला धागा कापायचा, किनार आत जाईल अशी घडी घालायची, वर चिठ्ठी लावायची. भाच्याला विचारले, "कोणाचे लग्न आहे रे?" तो हसला. म्हणाला, "मामा, फ्रँकफुर्टला जायचंय."

जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात दर जानेवारीच्या सुमारास घरगुती कापडाची मोठी जत्रा भरते. हाइमटेक्स्टील तिचे नाव, १९७१ पासून भरते आहे. चादरी, टॉवेल, पडदे, गालिचे घेऊन जगभरचे कारखानदार तिथे मांडव घालतात आणि जगभरचे मोठे दुकानदार वर्षाची खरेदी ठरवायला येतात. त्या मांडवाची तयारी माडीवर चालली होती.

तयारी किती, ते ऐका. जागा कित्येक महिने आधी पैसे भरून राखून ठेवायची. चौरस मीटरवर भाडे. मांडवाला लावायचे कापड आगीला दाद न देणारे हवे, त्याचा दाखला हवा, नाहीतर जर्मन अधिकारी ते उतरवायला लावतात. नमुन्याचा माल विकायचा नसून दाखवून परत आणायचा, तर कार्नेट नावाचे वेगळे कागद करायचे. त्यात एकेका वस्तूची यादी, वजन आणि किंमत. जहाजाने धाडायचा तर महिना-दीड महिना धरून चालायचे, उशीर झाला तर विमानाचे भाडे बोकांडी. प्रत्येक टॉवेलच्या चिठ्ठीवर चौरस मीटरला किती ग्रॅम, सूत कोणते, रंग अंगाला अपाय करत नाही याचा दाखला कोणता, हे सारे लिहायचे.

आणि सगळ्यांत शेवटी दरपत्रक. कारखानदार स्वतः ते घेऊन बसले होते. हजार नगांना काय भाव, दहा हजारांना काय, मुंबईच्या बंदरात पोच काय, परदेशी बंदरात पोच काय. मला म्हणाले, "तिथं गिऱ्हाइकानं भाव विचारला की आकडा तोंडात पाहिजे. अडखळलो की तो शेजारच्या मांडवात गेला."

मी त्या दरपत्रकाकडे पाहत राहिलो. माणूस सात समुद्र ओलांडून परक्या मुलखात जातो, आणि आपल्या मालाचा भाव आपण लिहून नेतो. आपण घरापासून दहा कोसांवरच्या बाजार समितीत जातो, माल ओततो, आणि हात जोडून विचारतो, "काय देता?"

मांडवाच्या मागच्या भिंतीला लावायचे चित्रही तयार होते. पांढरेशुभ्र फुटलेले बोंड आणि त्याच्यामागे फेटा बांधलेला हसरा शेतकरी. विचारले, हा कोणत्या गावचा? कोणाला ठाऊक नव्हते. चित्र विकत मिळाले होते. कापूस कुठला, हेही ठाऊक नव्हते. "सूत गिरणीतून येतं. कापूस कुठला ते गिरणीला विचारा." कारखानदार खोटे बोलत नव्हते. त्या मांडवात शेतकऱ्याला एवढीच जागा आहे. भिंतीवर हसायचे.

आता हिशेब करू. एक क्विंटल कपाशीतून ३३-३४ किलो रुई निघते. कताई-विणाईतली घट धरली तर अर्ध्या किलोचे पन्नास-साठ टॉवेल होतात. माडीवर शंभरेक टॉवेल होते. म्हणजे तो सारा थाट दोन क्विंटल कपाशीचा. त्या दोन क्विंटलांच्या चिठ्ठ्या, दाखले, घड्या आणि दिवे यांवर महिनोन्महिने खपणारी माणसे आहेत. तीच दोन क्विंटल कपाशी आमच्या घरून निघते तेव्हा तिच्यावर चिठ्ठी नसते, लांबीचा आकडा नसतो, भावाचा तर नसतोच.

कोणी म्हणेल, मग कारखानदाराचा हेवा कशाला? त्याने कष्ट घेतले, त्याने मिळवावे. बरोबर आहे. आमचा झगडा त्याच्याशी नाही. सोलापूरच्या यंत्रमागावर हजारो घरांची चूल आहे. १८७७ साली इथे पहिली गिरणी उभी राहिली, तेव्हापासून हे गाव कापसाच्या जिवावर वाढले. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. २०१९ च्या सप्टेंबरात तर टॉवेलचे प्रदर्शन सोलापुरातच भरवून परदेशी गिऱ्हाइकांना इथे बोलावले. याचा आम्हाला अभिमानच आहे. आमचा सवाल वेगळा आहे. या मांडवाची वर्गणी कोण भरतो?

एक वर्गणी उघड आहे. निर्यातदाराने परदेशी प्रदर्शनात जावे म्हणून सरकार निर्यात परिषदांमार्फत जागेच्या भाड्याला आणि विमानाच्या तिकिटाला साह्य देत आले. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केले, सहा वर्षांत २५,०६० कोटी रुपये. परदेशी प्रदर्शनांचा खर्चही त्यात बसतो. तिजोरीतून दिले, कागदावर लिहिले, विधिमंडळात आणि संसदेत विचारता येते. ठीक.

दुसरी वर्गणी लपलेली आहे. ती आमच्या खिशातून जाते आणि तिची पावती कोणी फाडत नाही.

२०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. टॉवेलचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच. कारखानदार हवालदिल झाले, हे खरे. मग दिल्लीने काय केले? परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत लांबवले. म्हणजे आमच्या शेतात वेचणी सुरू होऊन माल बाजारात येईपर्यंतचे नेमके ते महिने! अमेरिकेने कर लावला सोलापूरच्या टॉवेलवर, आणि तो वसूल झाला यवतमाळ-परभणीच्या बोंडावर. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११०. हमी केंद्रावर गेले तर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. पावसात भिजलेली कपाशी घेऊन शेतकरी मग कोणाच्या दारात जाणार?

हे काही पहिल्यांदा झाले नाही. २०२२ सालीही एप्रिल ते ऑक्टोबर आयात शुल्क माफ होते. २०१२ च्या मार्चमध्ये जगात भाव असताना एका दिवसात निर्यातबंदी आली. २०१० सालीही निर्यातीला लगाम घातला होता. त्याआधी १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस शेजारच्या राज्यात नेऊन विकणारा शेतकरी गुन्हेगार ठरत होता. टॉवेलाने फ्रँकफुर्टला जावे म्हणून तिकीट, आणि कापसाने आदिलाबादला जाऊ नये म्हणून नाका! हे धोरण ज्याला कळले त्याला शेतकऱ्याचे कर्ज कुठून येते ते कळले.

ज्वारीचीही तीच गत. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष. ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' असे नाव दिले, परदेशी प्रदर्शनांतून तिचे मांडव सजले, बिस्किटे आणि लाह्या चाखायला ठेवल्या. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली मानांकन मिळाले आहे. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये जाहीर झाला. पण मानांकनाचे प्रमाणपत्र दाखवून अडतीत क्विंटलमागे जास्तीचे पैसे मिळाले असे सांगणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. मांडवात श्रीअन्न, अडतीत नुसती ज्वारी.

आता थोडे कडू बोलतो. माडीवर त्या बाया धागे कापत होत्या, तेव्हा एकीने मला टॉवेलातला निळा तंतू दाखवला. खताच्या प्लास्टिक पोत्याचा. रंग चढवला तरी तो तंतू रंग घेत नाही, आणि एका तंतूपायी टॉवेल बाद होतो. हा तंतू कुठून आला? वेचणीला पोती कोणी वापरली? आपणच. भारतीय कापसाचा जगाच्या बाजारात भाव कापला जातो त्याचे हे एक कारण आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याने सुती कापडाच्या झोळीत वेचून, निवडून, वाळवून माल आणला, त्याला व्यापारी एक रुपया जास्त देतो का? स्वच्छतेला भाव नसेल तर स्वच्छता टिकत नाही. ७ ऑक्टोबर २०२० रोजी सरकारने भारतीय कापसाला 'कस्तुरी' नाव दिले. तो बिल्ला लागतो जिनिंगमधल्या गाठीला. कस्तुरी मृगाच्या बेंबीत असते, आणि मृगाला त्याचा पत्ता नसतो. नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवले असावे!

म्हणून या जिल्हा बैठकीत चार गोष्टी ठरवा.

एक, निर्यातदाराला साह्य द्यायचे तर तिजोरीतून द्या, कापसाचा भाव पाडून नको. दोन, आयात शुल्क आणि निर्यात यांचे धोरण पेरणीआधी जाहीर करा आणि माल विकेपर्यंत त्याला हात लावू नका. तीन, परदेशी प्रदर्शनाच्या साह्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना टॉवेलवाल्याइतकाच हक्क द्या, आणि गाठीवर तालुक्याचे नाव येऊ द्या. चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपली आपण करायची. गावातल्या दहा-वीस जणांनी माल एकत्र करा. सुती झोळीत वेचा. स्वतः जिनिंग करून घ्या, रुई आणि सरकी वेगळी विका. धाग्याची लांबी तपासून कागद हातात ठेवा. १७० किलोची गाठ दारात उभी करून मग भाव बोला.

निघताना कारखानदारांनी चहा पाजला आणि विचारले, "तुमच्याकडं यंदा काय भाव निघाला?"

मी म्हणालो, "आमचा भाव आम्ही काढत नाही. म्हणून तर तुमच्याकडे दरपत्रक कसे लिहितात ते बघायला आलो."

ते हसले. भाचा हसला नाही. त्याच्या घरी आठ एकर कोरडवाहू आहे.