अपिलाचा हक्क आणि अपिलाची हांव

कोर्टांत हरलेल्या धर्मसंस्थेनें वरच्या कोर्टांत जावें कीं न जावें, असा प्रश्न निघाला म्हणजे आमचे कांहीं मित्र तत्काळ उत्तर देतात: जावेंच, धर्मकार्यांत खर्चाकडे पाहूं नये. या मित्रांना आम्ही रायगड जिल्ह्यांतील महाडास घेऊन जाऊं इच्छितों.

२० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. तळें अस्पृश्यांस खुलें असल्याचा ठराव महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालींच केला होता. तरीहि स्पृश्य मंडळींनीं पंचगव्यानें तळ्याची 'शुद्धि' केली आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत दिवाणी दावा लावला. कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला, तेव्हां ज्यांचा हक्क बुडत होता त्यांनींच तो मानून तळ्यावर जाणें तहकूब केलें, हें येथें विसरूं नये. १९३१ त महाडच्या कोर्टांत दावा हरला. ठाण्यास अपील, तें १९३३ त फेटाळलें गेलें. तरी हौस फिटेना! अखेर १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें सांगितलें: अस्पृश्यांस वगळण्याची रूढि अनादि असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं.

या तळ्यावर मुसलमानांस आडकाठी नव्हती. मग विटाळ होत होता तो कोणाच्या धर्माला? हा प्रश्न चव्हाट्यावर न येतां राहिला असता. वादींनींच तो तीन कोर्टांत फिरविला. वकिलांची फी हा खर्चाचा लहान भाग होय. मोठा खर्च अब्रूचा.

"विश्वस्तांचे हात बांधलेले असतात, ते माघार कशी घेणार?" असें कोणी म्हणेल. हाजी अली दर्ग्याच्या विश्वस्तांनीं ती घेतली. ऑगस्ट २०१६ मध्यें स्त्रियांच्या मजारप्रवेशाविषयीं मुंबई हायकोर्टाचा निकाल विरुद्ध गेल्यावर ते सर्वोच्च न्यायालयांत गेले खरे, परंतु ऑक्टोबरांत तेथेंच त्यांनीं प्रवेश देण्याचें मान्य केलें. दर्ग्याचें पावित्र्य त्यामुळें उणें झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्यावर पक्षपाताचा आरोप येईल, व तो थोडासा खरा आहे. महाडास आंबेडकर हरले असते तर त्यांनीं अपील करावें असेंच आम्ही म्हटलें असतें. कारण अपील वाईट नव्हे. काय मागण्यासाठीं तें करावयाचें हें पाहिलें पाहिजे. म्हणून वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीं विश्वस्तांनीं आपली मागणी साध्या मराठींत लिहून भरसभेंत वाचावी. महाडची मागणी एका ओळींत मावली असती: अमक्या जातींच्या माणसांस हें पाणी पिऊं देऊं नये. त्या ओळीसाठीं नऊ वर्षें गेलीं.