दोन अंडी, पाच पाव आणि दंडुका

आमची कॅब हर्सूल टी पॉइंटला आली की कोणीतरी कारागृहाकडे बघून हमखास म्हणतं, "आत चार फटके दिले की सगळे सरळ होतात." सगळे हसतात. मीही हसायचो. आता नाही हसत, कारण हे वाक्य चुकीचं तर आहेच, धोकादायकही आहे.

जून २०१७. मुंबईचं भायखळा महिला कारागृह. मंजुळा शेट्ये कैदीच, पण चांगल्या वर्तणुकीमुळे वॉर्डनचं काम मिळालेली. वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. त्यावरून तिला मारहाण झाल्याचा आरोप आहे. २३ जूनला ती गेली. दुसऱ्या दिवशी कैदी महिला छतावर चढल्या, जाळपोळ झाली. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, सुमारे दोनशे कैद्यांवर दंगलीचा.

आता सांगा, शिस्त कुठे आली? अंडी-पावांचा प्रश्न वहीत नोंद करून, दोन्ही बाजू ऐकून दहा मिनिटांत सुटला असता.

"मग आत काय संत बसलेत?" नाही. टोळ्या असतात, कर्मचाऱ्यांवरही हल्ले होतात. म्हणूनच तर म्हणतोय. गच्च भरलेल्या बराकीसमोर मोजके शिपाई असतात. तिथे दंडुका किती वेळ पुरणार? त्यांना वाचवते ती माहिती. कोणाची मुलाखत रद्द झाली, कोणाला तारखेला नेलंच नाही, नळावर कोणाची जुंपली. आमच्या कामात सर्व्हर एकदम कोसळत नाही, आधी अलर्ट येतात. माणसाचंही तसंच. फरक एवढाच, की हे अलर्ट वाचायला शिपायाला कोणी शिकवावं लागतं.

ही माझी कल्पना नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला ७६वा नियम सांगतो, की कर्मचाऱ्यांना वाटाघाट आणि मध्यस्थीने भांडण निवळवायला शिकवा. ८२वा सांगतो, की बळ गरजेपुरतंच वापरा आणि लगेच वरिष्ठांना कळवा. आपल्या कारागृह विभागाचं ब्रीदही 'सुधारणा व पुनर्वसन' आहे, 'ठोका व गप्प बसवा' नाही.

इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठणचं खुलं कारागृह आहे. तिथे कैदी शेती करतात. ते निवडून पाठवलेले असतात, मान्य. पण निवडतात कशावरून? वर्तणुकीवरून. म्हणजे माणूस बदलतो, हे सरकारनेच मान्य केलंय.

आणि देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. ते उद्या सुटून आपल्याच गल्लीत येणार आहेत. आत त्यांनी काय शिकावं, भांडण मिटवणं की मार खाऊन डूख धरणं?

पुढच्या वेळी कॅबमध्ये कोणी ते वाक्य टाकलं, तर हसू नका. विचारा, "फटके दिल्यावर पुढे काय?"