याची टोपी त्याच्या डोक्यावर

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आकडेमोडीचे वावडे असते आणि त्याचा आम्हांला थोडा अभिमानही असतो. मलाही होता. गेल्या दिवाळीत दादाने आपल्या क्रेडिट कार्डाचे बिल माझ्यापुढे टाकले आणि म्हणाला, "तू अर्थशास्त्र शिकतोस ना? मग सांग, शून्य टक्के म्हणजे किती?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्या कार्डावर तीस हजारांचे कर्ज झाले होते. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. अशात दुसऱ्या एका बँकेतून फोन आला. ती थकबाकी आमच्या कार्डावर आणा, तीन महिने एक पैसाही व्याज नाही, फक्त 'किरकोळ' प्रक्रिया शुल्क! दादाने याची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दरमहा दहा हजार फेडायचे ठरवले.

शुल्क तीन टक्के, म्हणजे ९०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १६२ रुपये. एकूण १,०६२. तीस हजारांवर हे साडेतीन टक्केच की, असे मलाही प्रथम वाटले. पण तीस हजार तीन महिने दादाकडे राहिले कुठे? पहिला महिना तीस, दुसरा वीस, तिसरा दहा. सरासरी वीस हजार, तेही पाव वर्ष. त्या हिशेबाने हे 'शून्य' वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जाते. ४२ पेक्षा ते निम्मे आहे, हे मान्य. माझे भांडण दराशी नाही; व्याजाला शुल्क म्हणण्याशी आहे.

कारण त्या नावानेच पुढचा घोटाळा केला. दादाने पहिल्या महिन्यात ठरल्याप्रमाणे नेमके दहा हजार भरले. शुल्काचे १,०६२ त्याच बिलात होते, ते त्याच्या ध्यानातच आले नाही. बिल अपुरे भरले गेले, तशी नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली. त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागले. थकलेले शुल्क मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तो पाळला गेला. व्याज शुल्कावर नाही, तांदळावर आणि गोडेतेलावर चढले!

हे सारे रिझर्व्ह बँकेला ठाऊक नाही असे नाही. शून्य टक्क्यांच्या हप्त्यांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपात दडवलेले असते, असे तिने २०१३ सालीच परिपत्रकात सांगितले. पण परिपत्रक बँकांच्या कचेरीत जाते, फोन दादाला येतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. कागदावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता प्रत्यक्ष किती दिले आणि किती घेतले, ते पाहायचे. हेच आज हवे. फोनवरच्या माणसाने शुल्क, कर, सारे धरून वर्षाचा एकच दर, दादा 'हो' म्हणण्यापूर्वी, मराठीत सांगावा.

माझे एक प्राध्यापक म्हणाले, "सही करणाऱ्याने वाचायला नको का?" वाचायला हवे, सर. पण इस्पितळाच्या बाकावर बसून, बारीक टायपातले इंग्रजी?

दादाने शेवटचा हप्ता पौषात भरला. आता तो किराणा रोखीने आणतो. परवा पुन्हा तसाच फोन आला, तेव्हा त्याने तो माझ्या हातात दिला. मी वार्षिक दर विचारला. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग ती बाई म्हणाली, "सर, ते शून्यच आहे."