विश्लेषण : जाहिरातीतला विनोद लक्षात राहतो, मग ब्रँड का विसरला जातो?

मोबाइलवर एखादी जाहिरात पाहून आपण खळखळून हसतो, मित्रांच्या ग्रुपवर पाठवतोही. ‘कशाची होती रे?’ असे कोणी विचारले की मात्र आठवत नाही. अशा वेळी करमणूक प्रेक्षकाची होते आणि पैसे कंपनीचे जातात. नुसते हसवणे हे कॉपीरायटरचे काम नाही. हसवता हसवता वस्तू लक्षात राहायला हवी.

विनोद कामी कधी येतो?

फेव्हिकॉल बहुतेकदा सुतार निवडतो, घरमालक नाही. तरीही हे नाव घरोघरी पोहोचले, त्यात ओगिल्व्ही आणि पियूष पांडे यांच्या जाहिरातींचा वाटा मोठा. एका जाहिरातीत वाळवंटातल्या रस्त्यावरून खच्चून भरलेली बस हेलकावे खात जाते. टपावर, दारात, मागे माणसे लटकलेली, पण एकही पडत नाही. बसच्या मागे फेव्हिकॉलचा फलक दिसतो आणि उलगडा होतो. दुसऱ्या जाहिरातीत ढाब्यावर अंडे काही केल्या फुटत नाही, कारण कोंबडी फेव्हिकॉलच्या डब्यातले दाणे टिपत असते. दोन्हींत विनोद एकाच गुणावर उभा आहे, तो म्हणजे पक्के चिकटणे. फेव्हिकॉल काढून घेतले तर विनोदच उरत नाही.

शब्दांच्या कोट्यांचे काय?

सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ मध्ये घडवलेली ‘अमूल’ची मुलगी आजही ताज्या घडामोडींवर कोट्या करते. विषय बदलतात, लोणी तेच राहते. पण कोटी ज्या त्या भाषेतच जन्मावी लागते. हिंदी-इंग्रजीत सुचलेली ओळ ‘मराठीत करून द्या’ म्हणून पाठवली की शब्द येतात, हसू मागे राहते. बसच्या जाहिरातीला ही अडचण नव्हती, कारण तिथे विनोद प्रसंगात होता. शब्दांनी मराठी ग्राहकाला हसवायचे असेल, तर मराठी कॉपीरायटरला पहिल्याच बैठकीत बोलवावे. शेवटच्या दिवशी भाषांतराची फाइल पाठवून ते साधत नाही.

हसायचे कोणाला?

जाहिरात क्षेत्राने १९८५ मध्ये स्वनियमनासाठी ‘अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ स्थापन केली. जात, वर्ण, लिंग यांवरून कोणाची टिंगल करणे तिच्या संहितेला मान्य नाही. पण प्रश्न केवळ नियमाचा नाही. ज्याला हसले जाते, तोही ग्राहकच असतो. फेव्हिकॉलच्या बसमधल्या प्रवाशांना कोणी हसत नाही. हसू येते ते न पडण्याच्या अतिशयोक्तीचे.

मग कसोटी कोणती?

जाहिरात मंजूर करण्यापूर्वी विनोद कोणाला तरी तोंडी सांगावा आणि त्यातली वस्तू बदलून पाहावी. फेव्हिकॉलच्या जागी चहा पावडर ठेवूनही तितकेच हसू आले, तर कॉपी पुन्हा लिहायला घ्यावी.