खासगीकडे टाकलेला खर्च

दिएगो गार्सियावरून ब्रिटिश पार्लमेंटात २०२५ साली जी खडाजंगी झाली, तीत एक गोष्ट अगदी नवी होती. त्या बेटाची किंमत उघड आकड्यांत सभागृहापुढे आली. २२ मे २०२५ रोजी सही झालेल्या तहात चागोस बेटांचे स्वामित्व मॉरिशसला द्यावयाचे, आणि दिएगो गार्सियावरील तळ ९९ वर्षांच्या पट्ट्याने ब्रिटनकडे राहावयाचा, असे ठरले. पट्ट्याची रक्कम वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. सरकार म्हणे, आजच्या मोलाने हिशेब केला तर सारा खर्च ३४० कोटी पौंडांचा. विरोधी पक्ष म्हणे, ३,००० कोटींच्या वर. बेरजेची ही भांडणे वाचताना जांभई येते खरी. पण साठ वर्षांपूर्वी असे भांडण होऊच नये अशी तजवीज करण्यात आली होती. ती कशी, हे पाहण्याजोगे आहे.

१९६० नंतरच्या दशकात ब्रिटनची तिजोरी आटत चालली होती. सुएझच्या पूर्वेकडील लष्कर पोसणे झेपेना. १६ जानेवारी १९६८ रोजी पंतप्रधान विल्सन यांनी कॉमन्स सभेत सांगून टाकले, की १९७१ अखेर सिंगापूर, मलेशिया व इराणी आखात येथून आपण निघणार. ही काटकसर साऱ्या जगाने पाहिली. तिच्या आधी, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, राणीच्या एका हुकुमाने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून त्यांची निराळी वसाहत करण्यात आली होती, तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज जेथे आजही नांदतात तोच हा मॉरिशस. त्याला स्वातंत्र्य मिळाले १९६८ च्या मार्चमध्ये, आणि बेटे गेली त्यापूर्वीच. मोबदला ३० लाख पौंड.

३० डिसेंबर १९६६ च्या करारान्वये ही बेटे अमेरिकेच्या संरक्षणाच्या कामी ५० वर्षांसाठी मोकळी झाली. जाहीर कागदावर मजकूर होता, की याबद्दल भाडे नाही. तो खोटा नव्हता! भाडे घेतलेच नाही. ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रे विकताना संशोधनखर्चापोटी अमेरिका जो अधिभार लावणार होती, त्यातील १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतची रक्कम गुपचूप सोडून देण्यात आली, एवढेच. पैसा मागितला नाही, तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसपुढे मागणी गेली नाही. ब्रिटनमध्ये रोख जमा झाली नाही, तेव्हा पार्लमेंटापुढे जमेची बाब आली नाही. अमेरिकेच्या हिशेबतपासणी खात्याने या व्यवहारावर जानेवारी १९७६ मध्ये अहवाल दिला, तोवर नऊ वर्षे उलटली होती.

आपल्या संस्थानी शहरांतील जुन्या घरांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको. दौलतीचा हिशेब निराळा नि खासगीचा निराळा. दौलतीच्या खर्चावर दिवाणाची नजर असे. खासगीकडे टाकलेल्या रकमेबद्दल विचारणारा कोण? त्या खात्याने कितीतरी गवई-बजवय्ये पोसले, आमच्या घरची चूलही त्यावरच पेटत असे, म्हणून त्याची निंदा माझ्या तोंडी शोभणार नाही. मात्र लोकसत्ताक म्हणवणाऱ्या दोन देशांनी तीच रीत उचलावी, हे नवल खरे.

आता अमेरिकेची बाजू. आरमाराला तेथे पुरवठ्याचा तळ हवा होता. ती मागणी सीनेटने उडवली. मग १९७० मध्ये तीच गोष्ट नवा वेष घालून आली. आता हवे होते ते फक्त एक ‘साधे दळणवळण केंद्र’. असमाऱ्याचे कॅग्न्यू केंद्र फार दिवस टिकेलसे दिसत नव्हते. हिंदी महासागरातील जहाजांशी बोलायला दुसरी जागा नको का? डिसेंबर १९७० मध्ये पहिल्या हप्त्याचे सुमारे ५४ लाख डॉलर मंजूर झाले. ‘साधे’ या शब्दाने कोणाही सभासदाला झोप लागावी. बैठकीत तंबोराही साधाच असतो, पण त्यावाचून गवई बसत नाही. त्या साध्या केंद्राच्या आराखड्यात ८,००० फुटांची धावपट्टी होती. पुढे ती १२,००० फुटांची झाली, आणि १९९१ व २००३ साली इराकवर, तर २००१ साली अफगाणिस्तानावर येथून बाँबफेकी विमाने निघाली.

सीनेटमध्ये कोणी जागे नव्हते असे नाही. विस्ताराची मागणी आली तेव्हा मॅन्सफील्ड यांनी ती अडवून धरली. जुलै १९७५ मध्ये त्यांचा ठराव ४३ विरुद्ध ५३ मतांनी पडला. पण त्यांचा सारा झगडा रशियाचे आरमार, तेलाचे मार्ग आणि खर्च यांवर. बेटावर माणसे राहत होती, हे काँग्रेसच्या कानी जाण्यास वर्तमानपत्र लागले. सप्टेंबर १९७५ मध्ये वॉशिंग्टनच्या पत्रात मॉरिशसमध्ये हलाखीत दिवस काढणाऱ्या चागोसवासीयांची हकीकत आली; नोव्हेंबरात उपसमितीने साक्षी घेतल्या. तोवर सुमारे दीड हजार माणसे नारळाच्या बागा, घरे, कबरी सोडून जहाजांवर चढवली गेली होती आणि त्यांची कुत्री मारून टाकण्यात आली होती. कागदोपत्री ते रहिवासी नव्हतेच, ‘कराराचे मजूर’ होते. लंडनच्या एका अधिकाऱ्याने १९६६ च्या टिपणात त्यांना टारझन आणि क्रूसोचा फ्रायडे यांच्या पंक्तीला बसवले आहे.

याच सुमारास अल्दाब्रा बेटाचे काय झाले ते सांगितलेच पाहिजे. तेथेही विमानतळ व्हावयाचा होता. पण त्या बेटावर प्रचंड कासवे. रॉयल सोसायटीचे शास्त्रज्ञ उठले, टॅम डॅलिएल यांनी १९६७ साली कॉमन्स सभेत प्रश्नांचा भडिमार केला, आणि नोव्हेंबरात पौंडाचे मोल घटवावे लागताच सरकारने बेत सोडला. कासवे वाचली, याचा आनंदच आहे. प्रश्नोत्तराच्या तासात केवढे बळ आहे तेही त्यावरून कळते. चागोसच्या माणसांसाठी तसा तास कोणी मागितला नाही, कारण ती माणसे आहेत हेच सभागृहाला माहीत नव्हते.

पुढे न्यायालयाने ते बळ थोडे भरून काढले. नोव्हेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हद्दपारीचा हुकूम बेकायदा ठरवला. सरकारने २००४ मध्ये पुन्हा राजहुकूम काढून परतीची वाट बंद केली, पुन्हा पार्लमेंटाला बगल देऊन. आणि २००८ मध्ये लॉर्डांच्या सभेतील न्यायाधीशांनी ३ विरुद्ध २ अशा मतांनी तो हुकूम उचलून धरला. त्याच २००८ च्या फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्री मिलिबँड यांना कॉमन्स सभेत उभे राहून सांगावे लागले, की कैदी नेणारी दोन अमेरिकी विमाने २००२ साली दिएगो गार्सियावर उतरली होती आणि आधी सभागृहाला दिलेले आश्वासन बरोबर नव्हते.

२०२५ च्या तहाच्या समर्थनार्थ मंत्र्यांनी पुढे केलेला एक मोठा मुद्दा पुन्हा दळणवळणाचाच होता. तळावरील रेडिओलहरींवर दुसऱ्या कोणाचा ताबा नको, उपग्रहांशी चालणाऱ्या संदेशांत व्यत्यय नको, म्हणून ही रक्कम मोजावयाची. मुद्दा पोकळ नाही; जीपीएसचे एक जमिनीवरील केंद्र याच बेटावर आहे. शिवाय २०१० च्या कायद्याप्रमाणे तह सभागृहापुढे ठेवावा लागतो, तेव्हा १९६६ सारखे गुपित साधणे कठीण झाले आहे.

सहीच्या दिवशी पहाटे लंडनच्या न्यायालयाने तह तात्पुरता रोखला. अर्ज दोन चागोसी स्त्रियांचा होता. दुपारपर्यंत मनाई उठली आणि सही झाली. तहाप्रमाणे चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी आहे, आणि मॉरिशसला त्यांची वस्ती पुन्हा बसवता येईल, दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर. त्या दोघींचा जन्म दिएगो गार्सियावरचा.